व्हेलोसिरॅप्टर आणि उसना पुरावा

संशोधनाचा आराखडा मांडताना एक प्रश्न हमखास येतो: "हे तुम्हाला पुराव्यात दिसलं, की पुराव्यावरून वाटलं?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना भले भले अडखळतात. कारण आपल्या बहुतेक विधानांत दिसलेलं आणि वाटलेलं इतकं मिसळलेलं असतं की ते वेगळं करायची आपल्याला सवयच नसते. आज हा प्रश्न आपण एका प्राण्याला लावून बघू. प्राणी सगळ्यांच्या ओळखीचा आहे, किंवा निदान सगळ्यांना तसं वाटतं: व्हेलोसिरॅप्टर.

माझा विषय विज्ञानाचा इतिहास. त्यामुळे प्राणी कसा होता याइतकंच, तो तसा होता असं लोक कधीपासून आणि कशाच्या जोरावर म्हणायला लागले, याचं मला कुतूहल असतं. व्हेलोसिरॅप्टरच्या बाबतीत या कुतूहलाचं उत्तर बरंचसं एका शब्दात देता येतं: उसनवारी. एखाद्या गोष्टीचा थेट पुरावा हाताशी नसला की आपण जवळच्या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा वापरतो. एका गावचं दप्तर नष्ट झालं असेल तर इतिहासाचा अभ्यासक शेजारच्या गावच्या दप्तरावरून अंदाज बांधतो, तसंच हे. यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की उसनं आणलंय याची नोंद कुठे राहते का?

एक कवटी, एक नखी

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची पथकं १९२२ पासून रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली मध्य आशियात जात होती. माणसाचं मूळ आशियात सापडेल असं म्युझियमचे अध्यक्ष हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांचं ठाम मत होतं. माणसाचे पूर्वज काही मिळाले नाहीत, डायनासोर मात्र भरपूर मिळाले. मंगोलियातल्या गोबी वाळवंटात, 'फ्लेमिंग क्लिफ्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लालसर कड्यांपाशी, ऑगस्ट १९२३ मध्ये पीटर कायसन यांना एक चेपलेली कवटी मिळाली आणि तिच्यासोबत विळ्यासारखी वाकलेली एक नखी.

ऑस्बॉर्न यांनी १९२४ मध्ये या प्राण्याला व्हेलोसिरॅप्टर मंगोलिएन्सिस हे नाव दिलं. अर्थ: मंगोलियातला चपळ लुटारू. (त्याच वर्षी आधी एका लोकप्रिय लेखात त्यांनी 'ओव्होरॅप्टर' असं नाव वापरलं होतं. पण रीतसर वर्णन नसल्यामुळे ते धरलं गेलं नाही.) लांबट, हलकी कवटी आणि मागच्या बाजूला वळलेले दात बघून त्यांनी हा सावध, वेगवान मांसाहारी प्राणी असावा असं म्हटलं. ती विळ्यासारखी नखी त्यांनी हाताची मानली.

नखी खरं तर पायाची होती. पण हे कळायला पूर्ण पाऊल लागतं, आणि ते ऑस्बॉर्न यांच्याकडे नव्हतं. सुटी नखी, शिकारी प्राणी, मग ती हाताचीच असणार, हा अंदाज तेव्हाच्या माहितीत बसणारा होता.

त्याच शोधनिबंधात ऑस्बॉर्न यांनी आणखी एका प्राण्याचं नामकरण केलं: ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. तो अंड्यांच्या घरट्यावर सापडला होता आणि ती अंडी प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी डायनासोरची आहेत असं समजलं गेलं. हे नाव प्राण्याच्या खाण्याच्या सवयींबद्दल पूर्ण दिशाभूल करणारं ठरू शकतं, असा इशारा ऑस्बॉर्न यांनी स्वतःच देऊन ठेवला होता. नाव प्रसिद्ध झालं, इशारा कुणी वाचला नाही. १९९३ मध्ये गोबीतच तसल्या एका अंड्यात भ्रूण सापडलं आणि ते ओव्हिरॅप्टरच्याच जवळच्या नातेवाइकाचं निघालं. सत्तर वर्षं चोर म्हणून ज्याची बदनामी झाली तो बहुधा आपलीच अंडी उबवत बसला होता.

मोंटानातला मोठा भाऊ

पुढे कित्येक दशकं अमेरिकी पथकांना मंगोलियात जाता आलं नाही, आणि व्हेलोसिरॅप्टर एक कवटी-एक नखी एवढ्यावरच राहिला. पुढची घडामोड झाली ती अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात. १९६४ मध्ये येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी ग्रँट मेयर यांना तिथे एका शिकारी डायनासोरची हाडं सापडली. पायाच्या दुसऱ्या बोटावर मोठी, वाकडी, जमिनीपासून उचलून धरलेली नखी होती. १९६९ मध्ये ऑस्ट्रॉम यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि नाव ठेवलं डायनोनायकस, म्हणजे भयंकर नखी.

हा शोधनिबंध वाचण्यासारखा आहे. डायनासोर म्हणजे सुस्त, थंड रक्ताचे, बोजड सरडे ही त्या काळातली समजूत. ऑस्ट्रॉम यांनी एकेका हाडावरून दाखवलं की हा प्राणी तसा असूच शकत नाही. एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याने वार करणारा प्राणी सुस्त कसा असेल? पुढे पक्षी आणि डायनासोर यांच्या नात्याची चर्चा नव्याने सुरू झाली तीही मुख्यतः ऑस्ट्रॉम यांच्या कामामुळे.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट दिसली. अनेक डायनोनायकसचे अवशेष टेनॉन्टोसॉरस नावाच्या, त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठ्या शाकाहारी डायनासोरच्या अवशेषांसोबत पडलेले होते. यावरून अनुमान निघालं: हे प्राणी लांडग्यांसारखी टोळीने शिकार करत असावेत. दिसलं काय? एकत्र पडलेली हाडं. वाटलं काय? टोळी, डावपेच, सहकार्य. या दोन्हींत बरंच अंतर आहे आणि ते भरून काढलं लांडग्यांनी, म्हणजे आपल्या ओळखीच्या सस्तन प्राण्यांनी. ही झाली पहिली उसनवारी.

नाव एकाचं, अंग दुसऱ्याचं

दुसरी उसनवारी जास्त गाजली. १९८८ मध्ये ग्रेगरी पॉल यांनी शिकारी डायनासोरांवरच्या आपल्या पुस्तकात डायनोनायकस आणि व्हेलोसिरॅप्टर इतके सारखे आहेत की त्यांना एकाच प्रजातीसमूहात घालावं असं सुचवलं. जुनं नाव व्हेलोसिरॅप्टर, म्हणून नियमाप्रमाणे दोघांना तेच नाव मिळणार. बहुतेक तज्ज्ञांना हे पटलं नाही. पण १९९० मध्ये आलेल्या मायकल क्रायटन यांच्या 'जुरासिक पार्क' कादंबरीने ते उचललं. १९९३ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट आला, आपल्याकडे तो हिंदीतही डब झाला, आणि 'रॅप्टर' हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी बसला.

या उसनवारीची खूण चित्रपटातच राहून गेली आहे. सुरुवातीला उत्खननाचं दृश्य आहे आणि व्हेलोसिरॅप्टरचा सांगाडा निघतो तो मोंटानात. खरा व्हेलोसिरॅप्टर आशियातला. मोंटाना हे डायनोनायकसचं गाव. पडद्यावरचे रॅप्टर तर डायनोनायकसपेक्षाही मोठे, माणसाएवढे उंच.

खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटीसकट दीड ते दोन मीटर लांब, आणि त्यातली निम्म्याहून जास्त लांबी शेपटीची. कमरेपाशी उंची अर्धा मीटर. वजन पंधरा-वीस किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढं. पायाची ती प्रसिद्ध नखी बाहेरच्या वळणावरून मोजली तरी साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास भरते. शिवाय काळाचं अंतर बघा. डायनोनायकस जगला सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी, व्हेलोसिरॅप्टर सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी. मध्ये साडेतीन कोटी वर्षं आणि एक अख्खा खंड. इतक्या लांबून उसनं आणायचं तर निदान सांगून आणावं!

पिसं: वेळेवर फेडलेली उसनवारी

एवढं वाचून कुणाला वाटेल की उसना पुरावा म्हणजे वाईटच. पिसांची गोष्ट नेमकी उलट आहे, म्हणून ती जरा सावकाश बघू.

१९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरची बातमी आली. अंगावर बारीक तंतूंचं आवरण स्पष्ट दिसत होतं. मग एकामागून एक शोध लागत गेले. १९९९ मध्ये सायनॉर्निथोसॉरस आला, जो व्हेलोसिरॅप्टरच्याच कुळातला, म्हणजे ड्रोमिओसॉरिड. २००३ मध्ये मायक्रोरॅप्टरचे असे नमुने प्रसिद्ध झाले की हातांवर आणि पायांवरही लांब पिसं, जणू चार पंख.

मग गोबीतल्या व्हेलोसिरॅप्टरवर पिसं का दिसली नाहीत? कारण जमीन वेगळी. लिआओनिंगमध्ये प्राणी तळ्यांच्या तळाशी, ज्वालामुखीच्या राखेच्या बारीक थरांत गाडले गेले. अशा थरांत नाजूक गोष्टींचेही ठसे उमटतात. गोबीत प्राणी वाळूत गाडले गेले. वाळूत हाडं छान टिकतात, पिसं टिकत नाहीत. म्हणजे 'पिसं सापडली नाहीत' हे विधान वाळूबद्दल आहे, प्राण्याबद्दल नाही. पुराव्याचा अभाव कशामुळे आहे हे तपासल्याशिवाय त्यातून निष्कर्ष काढू नये, हे आपण पद्धतीशास्त्राच्या तासाला ऐकतो. त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

तज्ज्ञांनी मग वंशवृक्षाचा आधार घेतला. व्हेलोसिरॅप्टरच्या एका बाजूला त्याच्याच कुळातले पिसं असलेले भाऊबंद, दुसऱ्या बाजूला पक्षी. दोन्हीकडे पिसं आहेत, तर दोघांच्या सामाईक पूर्वजाला ती होती, आणि मधल्यालाही असणार. हाही उसना पुरावाच, पण त्याचे नियम ठरलेले आहेत: नातं किती जवळचं, दोन्ही बाजू जुळतात का, आणि मुख्य म्हणजे यातून तपासता येईल असं काही निघतं का.

निघत होतं. आजच्या अनेक पक्ष्यांच्या कोपर ते मनगटामधल्या हाडावर ओळीने छोटे उंचवटे असतात. पंखातली मोठी पिसं तिथे हाडाला घट्ट बांधलेली असतात. इंग्रजीत त्यांना 'क्विल नॉब' म्हणतात, आपण पिसगाठी म्हणू. पिसं कुजली तरी हाडावरच्या गाठी टिकू शकतात. २००७ मध्ये अ‍ॅलन टर्नर, पीटर मॅकोव्हिकी आणि मार्क नॉरेल यांनी मंगोलियात १९९८ मध्ये सापडलेल्या व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर अशा सहा गाठी दाखवल्या. एकमेकींपासून साधारण ४ मिलिमीटरवर, समान अंतराने. त्यावरून हाताच्या या भागावर अशी एकूण चौदा पिसं असावीत असा हिशेब त्यांनी मांडला. अंगावर नुसती लव नव्हती, हाताला रीतसर पंख होता.

बघा, काय झालं: शेजाऱ्याकडून आणलेला दावा व्हेलोसिरॅप्टरच्या स्वतःच्या हाडावर तपासला गेला आणि खरा ठरला. उसनवारी फिटली. मात्र यातून लगेच 'तो उडायचा' असं कुणी म्हटलं नाही. अंग जड, हात तुलनेने आखूड. पंख दाखवण्यासाठी, अंड्यांवर पसरण्यासाठी किंवा पळताना तोल सांभाळण्यासाठी असतील, एवढंच सुचवलं गेलं आणि ते 'असतील' या शब्दातच ठेवलं गेलं.

नखीचं काम काय?

आता शिकारीकडे येऊ. इथे व्हेलोसिरॅप्टरकडे स्वतःचा असा एक जबरदस्त पुरावा आहे. १९७१ मध्ये पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला गोबीत दोन सांगाडे एकमेकांत अडकलेले सापडले. या मोहिमांच्या प्रमुख होत्या झोफिया किएलान-यावोरोव्स्का. एक सांगाडा व्हेलोसिरॅप्टरचा, दुसरा मेंढीएवढ्या प्रोटोसेराटॉप्सचा. व्हेलोसिरॅप्टरचा उजवा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीसारख्या जबड्यात, आणि व्हेलोसिरॅप्टरच्या पायाची नखी प्रोटोसेराटॉप्सच्या मानेपाशी. झुंज चालू असतानाच दोघं वाळूखाली गाडले गेले असावेत.

असा पुरावा लाखात एक. पण त्याला किती बोलू द्यायचं? ही एकच घटना आहे, आणि ती टिकली तीच मुळात अपघात झाला म्हणून. झुंजीची सुरुवात कुणी केली हे वाळू सांगत नाही. रोजचं भक्ष्य एवढं मोठं असायचं का, हेही नाही. एक गोष्ट मात्र ठामपणे कळते: झटापटीत पायाची नखी वापरली जायची आणि ती मानेकडे गेली होती.

ती कशी वापरली जायची? बराच काळ समजूत अशी की वाघनखांसारखं पोट फाडायचं. फिलिप मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. नखीची प्रतिकृती यांत्रिक पायाला बसवून डुकराच्या आणि मगरीच्या मांसावर वार केले. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले: नखी आत घुसते, भोक पाडते, पण चिरत नेत नाही. तिची आतली कड सुरीसारखी धारदार नाही. पकडून ठेवायला, चढायला ती चांगली, फाडायला नाही.

२०११ मध्ये डेन्व्हर फाउलर आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी आजच्या शिकारी पक्ष्यांच्या पायांशी तुलना केली. शिक्रा सरडा किंवा उंदीर कसा धरतो हे पाहिलं असेल तर मुद्दा पटकन कळेल. तो भक्ष्याला पायाखाली दाबतो, नख्या रुतवतो, अंगाचं वजन टाकतो, पंख फडफडवून तोल सांभाळतो आणि भक्ष्य पुरतं मेलेलं नसतानाही खायला लागतो. या कुळातले डायनासोरही आपल्यापेक्षा लहान प्राणी असेच दाबून धरत असावेत, अशी त्यांची मांडणी. हातावरच्या पंखांनाही यात काम मिळतं. पण लक्षात ठेवा, हा अभ्यासही मुख्यतः डायनोनायकसच्या पायावर उभा आहे. व्हेलोसिरॅप्टरला तो लावताना आपण पुन्हा उसनं आणतोय. पाऊल सारखं असल्याने ही उसनवारी बरीच भक्कम आहे, इतकंच.

भक्ष्याचे आणखी दोन थेट पुरावे आहेत. डेव्हिड होन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इनर मंगोलियातल्या प्रोटोसेराटॉप्सच्या हाडांवर दातांच्या खुणा आणि जवळच पडलेले व्हेलोसिरॅप्टरसारख्या प्राण्याचे दात दाखवले. मांस बरंचसं संपल्यानंतर हाड खरवडून खाल्ल्याच्या त्या खुणा. २०१२ मध्ये एका व्हेलोसिरॅप्टरच्या पोटाच्या जागी उडणाऱ्या टेरोसॉरचं सुमारे साडेसात सेंटीमीटर लांब हाड असल्याचं त्यांनी मांडलं. तो टेरोसॉर व्हेलोसिरॅप्टरने मारावा इतका लहान नसावा, म्हणून बहुधा मेलेला खाल्ला. पट्टीचा शिकारी प्राणी फुकट मिळालेलं मढं सोडत नाही. आजचे बिबटे आणि तरस तरी कुठे सोडतात?

आणि टोळी? व्हेलोसिरॅप्टरच्या बाजूने टोळीचा थेट पुरावा नाही. ती कल्पना आली डायनोनायकसकडून, आणि तिथेही तिला आव्हान मिळालं. २००७ मध्ये ब्रायन रोच आणि डॅनियल ब्रिंकमन यांनी म्हटलं की कोमोडो ड्रॅगन किंवा मगरीही एका मढ्यावर गोळा होतात, एकमेकांना चावतात, मारतातसुद्धा. त्याला कुणी सहकार्य म्हणत नाही. २०२० मध्ये डायनोनायकसच्या दातांमधल्या कार्बनच्या समस्थानिकांच्या अभ्यासातून दिसलं की पिल्लांचा आणि मोठ्यांचा आहार वेगळा होता. लांडग्यांसारखी टोळी असती तर पिल्लांनी मोठ्यांनी मारलेलंच खाल्लं असतं. यामुळे टोळी अशक्य ठरत नाही, पण लांडग्यांकडून आणलेलं उसनं अजून फिटलेलं नाही, हे नक्की.

मग दिसायचा कसा?

आता चित्र काढायला घेऊ आणि प्रत्येक रेघेपुढे हिशेब लिहू.

आकार, लांब ताठ शेपूट, लांबट कवटी, उचललेली नखी: स्वतःच्या हाडांवरून. हातावर पंख: स्वतःच्या हाडावरून. तळवे एकमेकांकडे, टाळी वाजवताना असतात तसे: मनगटाच्या रचनेवरून. चित्रपटात दिसतात तसे जमिनीकडे तळवे त्याला करता आले नसते. अंगभर पिसं: भाऊबंदांकडून, पण भक्कम. पंखाचा आकार कसा असेल यासाठी २०१५ मध्ये वर्णन झालेला झेनयुआनलाँग उपयोगी पडतो. तो याच कुळातला, जवळपास याच आकाराचा, आणि त्याची पिसं दगडात उमटलेली आहेत. रात्री शिकार: डोळ्यातल्या हाडांच्या कड्यावरून २०११ मध्ये तसं सुचवलं गेलं, पण त्या पद्धतीवर लगेच आक्षेपही आले. म्हणून इथे पेन्सिल. रंग: मायक्रोरॅप्टरचा रंग पिसांमधल्या सूक्ष्म रंगकणांवरून कळला, काळा आणि झळाळता. व्हेलोसिरॅप्टरची पिसंच टिकलेली नाहीत. चित्रकार जो रंग भरेल तो त्याचा स्वतःचा.

म्हणजे दुरून बघितलं तर सरड्यापेक्षा पक्षीच वाटेल असा, शेपूट ताठ ठेवून वाळूच्या टेकड्यांमधून एकटा फिरणारा प्राणी. 'एकटा' हा शब्दसुद्धा मी जरा बिचकतच लिहिला. सांगाडे टोळीने सापडलेले नाहीत, एवढंच त्याच्या मागे आहे.

आपल्या प्रबंधासाठी

तुमचा विषय डायनासोर असण्याची शक्यता कमीच. पण शेतकरी कुटुंबं असोत, लोकगीतं असोत की एखादं रसायन, उसनवारी सगळीकडे आहे. आपल्या प्रकरणातलं कोणतंही महत्त्वाचं विधान घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा.

१. हा पुरावा माझ्याच नमुन्यातला आहे, की दुसरीकडून आणलाय? आणला असेल तर मूळ ठिकाणाचं नाव वाक्यातच आहे का? ते नाव गळलं की मोंटानात मंगोलियाचा प्राणी निघतो.

२. ज्याच्याकडून आणला त्याच्याशी नातं काय? पिसांच्या बाबतीत नातं दोन्ही बाजूंनी तपासलेलं होतं. टोळीच्या बाबतीत लांडगा फक्त ओळखीचा होता.

३. या दाव्यातून माझ्या स्वतःच्या साहित्यात काय सापडायला हवं? पिसं होती तर हाडावर गाठी सापडू शकतात, आणि त्या शोधल्या गेल्या. असं काहीच सुचत नसेल तर विधान काढून टाकायची गरज नाही, पण ते 'आहे'वरून 'असावं'वर आणा.

याचा सराव करायचा असेल तर आपल्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा एक शोधनिबंध घ्या. दोन रंगांची पेनं घ्या. लेखकाला दिसलेलं एका रंगाने अधोरेखित करा, वाटलेलं दुसऱ्याने. मग तोच निबंध उद्धृत करणारे नंतरचे चार लेख काढा आणि त्यांनी कोणत्या रंगाची वाक्यं उचललीत ते तपासा. ऑस्बॉर्न यांच्या इशाऱ्यासारखं एखादं वाक्य हमखास सापडेल, मूळ निबंधात असलेलं आणि पुढे एकानेही न उचललेलं. तुमच्या संशोधनाचा प्रश्न कदाचित तिथेच असेल.